मंगळवारचा खलनायक

आमच्या गावात आजवर सर्वांत जास्त शिव्या ज्या माणसाने खाल्ल्या, तो माझ्या बहिणीचा नवरा. हे मी अभिमानाने लिहितो आहे. त्याने त्या शिव्या मेहनतीने मिळवल्या आणि शेवटपर्यंत जपल्या.

कॅनडाच्या पूर्व टोकाच्या केप ब्रेटन बेटावरचे आमचे गाव कोळशाच्या खाणीचे. उन्हाळा लागला की आइस हॉकीच्या रिंकमधला बर्फ काढत, खाली फळ्या टाकत आणि मधोमध कुस्तीची रिंग उभी राही. दर मंगळवारी संध्याकाळी पैलवानांचा ताफा येई. दोन तास गाव ओरडून ओरडून घसा बसवून घेई आणि ताफा पुढच्या गावाला जाई. मी तेव्हा कॉमर्सची पदवी घेऊन सहकारी स्टोअरच्या हिशेबखात्यात नुकताच लागलो होतो. आकडेमोड येते म्हणून रिंकच्या कमिटीने मला खजिनदार केले आणि पैलवानांच्या खोल्यांच्या किल्ल्याही माझ्याच गळ्यात मारल्या. त्यामुळे गावाला जे ठाऊक नव्हते ते मला ठाऊक झाले. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असे. आपटणे, पडणे, हाडे दुखणे मात्र सगळे खरे. ही गोष्ट बाहेर बोलायची नाही असे वचन माझ्याकडून पहिल्याच दिवशी घेतले गेले. आता पैलवान स्वतःच टीव्हीवर बसून सगळे सांगतात, तेव्हा मी लिहायला हरकत नसावी.

त्या ताफ्यातला खलनायक म्हणजे जे. बॅरिंग्टन ब्लेक, राहणार टोरांटो. तो पांढरा सूट घालून यायचा, खिशात रेशमी रुमाल. रिंगच्या दोराला हात लावण्याआधी तो दोर पुसून घ्यायचा आणि मग माईक हातात घेऊन म्हणायचा, “माफ करा, जरा नाकाला रुमाल लावतो. तुमच्या गावाला मासळीचा वास येतो. की हा तुमचाच वास आहे?” एवढ्यावर रिंक पेटायचा. आमच्याकडे असे घर नव्हते की ज्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी पोटासाठी टोरांटोला गेली नाही. नोकऱ्या तिकडे, पोरे तिकडे, खाणी बंद करण्याचे हुकूमही तिकडून. ह्या सगळ्यावर ओरडायला लोकांना एक तोंड हवे होते, ते बॅरिंग्टनने दिले.

खरा माणूस होता आल्फॉन्स गोदे. शेजारच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फ्रेंच बोलणाऱ्या, बटाटे पिकवणाऱ्या घरातला. टोरांटो त्याने तोवर विमानतळापलीकडे पाहिलेही नव्हते. एका निवृत्त पैलवानाने त्याला बटाट्याच्या गोदामात शिकवले. पहिला हिवाळा नुसते पडायला शिकण्यात गेला. पाठीवर कसे पडायचे, कुशीवर कसे पडायचे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला कसे पाडायचे की तो उद्या कामावर जाऊ शकेल. पुढे हिवाळ्यात देशाच्या पार पश्चिमेला कॅल्गरी, बर्फातून रात्ररात्रभर गाडी चालवणे, एक हंगाम हॅम्बुर्गला, आणि उन्हाळ्यात आमचा हा किनारा. सुरुवातीला तो चांगल्या बाजूने लढायचा. त्याचा चेहरा इतका सौम्य की त्याची कुस्ती लागली की लोक चिप्स घ्यायला उठत. शेवटी मालकाने त्याला विचारले, “ह्या लोकांना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो रे?”

“टोरांटोचा,” आल्फॉन्स म्हणाला.

“मग जा, सूट शिवून घे.”

त्याच्या धंद्याचे नियम कडक होते. खलनायकाने नायकाबरोबर एका गाडीतून यायचे नाही. गावात हसताना दिसायचे नाही. लहान मुलाने सही मागितली तर कागद चुरगळायचा. आणि रिंगमध्ये जे चालते ते सगळे खलनायकच चालवतो, पुढे काय करायचे ते तोच कानात सांगतो, समोरच्याचे शरीर त्याच्या हवाली असते. लोकांना जो सर्वांत निर्दय वाटतो तोच सर्वांत जास्त सांभाळणारा असावा लागतो. मी किल्ल्या घेऊन खोल्यांबाहेर उभा राहून हे इतक्या वेळा पाहिले आहे की मला त्याचे नवल वाटेनासे झाले होते.

आता आईबद्दल. आईचे नाव यूफेमिया मॅकइसॅक. सगळे तिला ईफी म्हणत. आमचे वडील खाणीतल्या बचाव पथकात होते. खाली छत कोसळले की अडकलेल्यांना काढायला जाणारी ती माणसे. वडील जखमी माणूस उचलण्याचा सराव स्वयंपाकघरात करत आणि सरावाला आई असे. “ईफी, आडवी हो, तुझी मान मोडली आहे,” असे ते म्हणत आणि ती पीठ लागलेल्या हातांनी जमिनीवर आडवी होई. आम्ही मुले हसत सुटायचो. पुढे खाणीच्या धुळीने वडिलांची छाती गेली आणि ते गेले. आई त्यानंतर फारशी बोलायची नाही. फक्त मंगळवारी हिरवी टोपी घालून ती रिंकवर पहिल्या रांगेत बसे आणि बोंब मारी. त्या टोपीला एक लांब पिन होती, टोकाला मोत्याचा मणी. टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून ती पिन, असा आमचा समज होता.

एका मंगळवारी बॅरिंग्टनने पंचाची नजर चुकवून आमच्या लाडक्या डंकन रँकिनच्या डोळ्यांत मीठ टाकले आणि कुस्ती जिंकली. तो रुमाल झटकत बाहेर पडत होता, तेव्हा आईने पिन काढली आणि त्याच्या मांडीत मण्यापर्यंत घातली.

माझी बहीण मोराग गावच्या इस्पितळात परिचारिका होती. पुढचे संभाषण तिनेच आम्हाला इतक्या वेळा सांगितले आहे की ते मला पाठ आहे.

“काय झालं?”

“पिन टोचली.”

“कसली पिन?”

“टोपीची. एका म्हातारीनं टोचली.”

“टोपी हिरवी होती?”

“हो.”

“पिनेला मोती?”

“मोती बाहेर राहिला म्हणून वाचलो. पण तुम्हाला कसं कळलं?”

“ती माझी आई आहे. पालथे व्हा, इंजेक्शन द्यायचंय.”

तिथून सुरुवात झाली. खलनायकाला गावात हिंडता येत नाही, म्हणून दोघे त्याच्या गाडीतून लांबच्या दीपगृहापाशी जात आणि काचा वर करून चिप्स खात. दुसरा उन्हाळा आला तेव्हा मोरागने घरात सांगून टाकले की लग्न करायचे आहे आणि कोणाशी ते.

आई आधी हसली. मग तिच्या लक्षात आले की मोराग हसत नाही.

“तो? डंकनच्या डोळ्यांत मीठ टाकणारा?”

“आई, एकदा भेट तरी.”

“आण त्याला. पिन इथेच आहे.”

तो रविवारी प्रार्थनेनंतर आला. साधा स्वेटर, हातात बटाट्यांची पिशवी. दुर्दैवाने शेजारची फ्लोरा त्याच वेळी साखर मागायला आली आणि साखर मिळाल्यावरही बसून राहिली. फ्लोराच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचत असे. आईने चहा ओतला नाही. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न जो विचारतात तोच तिने विचारला.

“कोणाचा तू?”

आल्फॉन्सने एकदा मोरागकडे पाहिले, एकदा फ्लोराकडे. मग मान ताठ करून म्हणाला, “टोरांटोच्या ब्लेकांचा, बाई.”

“ऊठ,” आई म्हणाली. “आणि बटाटे घेऊन जा.”

अंगणात मोरागने त्याला धरले. मी दारातच होतो.

“खरं सांगून टाक ना तिला. एक वाक्य तर आहे!”

“ते वाक्य माझ्या एकट्याचं नाही, मोराग. डंकनचं आहे, पंचाचं आहे, मला शिकवलेल्या म्हाताऱ्याचं आहे. आणि तुझ्या आईकडे आठवड्यातून एक मंगळवार आहे. तो मी काढून घेऊ?”

“आणि माझ्याकडे काय आहे?”

त्याने बटाट्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“ती चर्चमध्ये आली नाही तर मी लग्न करणार नाही,” मोराग म्हणाली. “तू सप्टेंबरात कॅल्गरीला जाशील. तोवर ती हो म्हणाली तर ठीक. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात इस्पितळात दुसरी कोणी इंजेक्शन देईल तुला.”

माझी बहीण बोलल्याप्रमाणे वागणारी आहे. आल्फॉन्सलाही ते ठाऊक होते. त्यानंतरच्या मंगळवारी तो रिंगमध्ये पूर्वीपेक्षाही वाईट वागला. आईला खूश करण्याचा दुसरा कोणताच रस्ता त्याला मोकळा नव्हता.

ऑगस्टचा शेवटचा मंगळवार. रिंक गच्च भरलेला. मुख्य कुस्ती डंकन आणि बॅरिंग्टन. डंकन जिंकणार आणि गाव आनंदाने घरी जाणार, असे ठरले होते. डंकन कोपऱ्यातल्या खांबावर चढला, वरून झेपावला आणि त्याचा पाय दोरात अडकला. तो डोक्यावर पडला.

पडल्यावर एकमेकांचा हात दाबायचा, अशी त्यांची पद्धत. उलट दाबला तर सगळे ठीक. आल्फॉन्सने डंकनचा हात दाबला. काही आले नाही. पुन्हा दाबला. काही नाही.

मग बॅरिंग्टन ब्लेक डंकनवर तुटून पडला. निदान लोकांना तसे दिसले. तो त्याच्या छातीवर आडवा झाला, दोन्ही कोपर जमिनीला टेकवले आणि डंकनचे डोके आपल्या दोन हातांमध्ये घट्ट पकडले. पंच खाली वाकला, आल्फॉन्स त्याच्या कानाशी काही बोलला आणि पंच धावत बाहेर गेला. मला पाहून तो एवढेच म्हणाला, “स्ट्रेचर. मान.” मी फोनकडे पळालो.

परत आलो तेव्हा गाव रिंगभोवती उसळले होते. पडलेल्या माणसाचा गळा आवळणारा टोरांटोवाला त्यांना दिसत होता, दुसरे काही नाही. कागदी पेले आले, बाटली आली, एक घडीची खुर्ची आली आणि त्याच्या पाठीवर बसली. तो हलला नाही. हलला असता तर डंकनची मान हलली असती. ओरडून खरे सांगता आले असते, पण कोणी ऐकले नसते. आणि माझी खात्री आहे की ऐकले असते तरी त्याने सांगितले नसते.

“सोड त्याला, कुत्र्या!”

“ओढा रे याला खाली!”

तीन-चार खाणकामगार दोर धरून वर चढू लागले. त्यांच्या आधी आई पोचली होती. हिरवी टोपी एका हातात, पिन दुसऱ्या हातात. ती रिंगच्या कडेवर गुडघे टेकून दोराखालून आत वाकली आणि तिने हात उगारला.

ती थांबली. मी तिच्या मागेच होतो, म्हणून मला तिचा चेहरा अर्धाच दिसला. ती त्याच्या हातांकडे पाहत होती. एक तळवा मानेखाली, बोटे पसरलेली. दुसरा हात डोक्याला लागून आडवा, फळीसारखा. स्वतःचा भार कोपरांवर, खालच्या माणसावर काडीचाही नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर तिला कितीतरी वर्षे असेच धरले गेले होते.

आल्फॉन्सने वर पाहिले. दोघांची नजर भेटली. तो दात ओठ खाऊन ओरडला, “बघतेस काय, म्हातारे? टोच ना!”

आई वळली. त्याच्याकडे पाठ करून ती दोरांमध्ये फतकल मारून बसली आणि चढणाऱ्यांवर पिन रोखून तिने अशी किंकाळी फोडली की माझ्या कानात अजून घुमते.

“मागे व्हा! कोणी हात लावायचा नाही! दोन वर्षं मी ह्याच्या मागावर आहे, ह्याचा हिशेब मी करणार! अँगस, पाय खाली घे, नाहीतर तुलाच टोचीन!”

अँगसने पाय खाली घेतला. खाणकामगार घाबरत नाहीत, पण ईफीचा हक्क सगळ्यांना मान्य होता. लोक म्हणू लागले, “ईफीला करू दे! दे त्याला, ईफी!” ती पिन नाचवत राहिली, बॅरिंग्टनला नाही नाही ते बोलत राहिली, आणि स्ट्रेचर येईपर्यंत तिने रिंगवर एकालाही चढू दिले नाही. मागे वळून मात्र तिने एकदाही टोचले नाही.

डॉक्टर म्हणाले, मानेच्या हाडाला चीर आहे. डोके जरा वळले असते तर दोन्ही हात कायमचे गेले असते. नाताळापर्यंत डंकनच्या गळ्यात पट्टा होता आणि पुढच्या उन्हाळ्यात तो परत आला.

त्या रात्री घरी आल्यावर आईने टोपी खुंटीला लावली आणि चहा ठेवला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “कॉलम, तू गप्प बस.” मग मोरागला म्हणाली, “त्या टोरांटोवाल्याला रविवारी जेवायला बोलाव.”

मोराग बघतच राहिली. “आई, म्हणजे तुला…”

“मला काही नाही. मंगळवारी मी त्याला बघून घेईन. रविवार वेगळा.”

रविवारी तिने दाराला आतून कडी घातली. फ्लोराने दोनदा ठोठावले, आईने ऐकले नाही. ताटात कॉड माशाचे वडे होते, हिरव्या टोमॅटोचे लोणचे होते आणि त्याने आणलेले बटाटे होते. आल्फॉन्सला पाठीमुळे नीट बसता येत नव्हते. आईने त्याच्यामागे उशी ठेवली.

“डंकनची मान कशी आहे?” तिने सहज विचारावे तसे विचारले.

मी चमकलो. आल्फॉन्स सकाळभर डंकनच्या खाटेशी बसून थेट इस्पितळाच्या मागच्या दाराने आला होता. तो ताटातून नजर न काढता म्हणाला, “मला काय ठाऊक, बाई? त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही.”

आईने त्याच्या ताटात आणखी एक वडा वाढला.

“बरोबर,” ती म्हणाली. “कोणीही विचारलं तरी असंच सांगायचं. मलासुद्धा.”

लग्न सप्टेंबरात झाले, त्याच्या बेटावर, जिथे बॅरिंग्टनला कोणी ओळखत नव्हते. आई पहिल्या रांगेत बसली होती, टोपी निळी होती. डंकन पट्ट्यासकट आला आणि चर्चच्या मागच्या बाजूने आत शिरला. गावात आईने एवढेच सांगितले की मोरागने बटाटेवाल्या गोदेंच्या मुलाशी लग्न केले आहे आणि तो कामानिमित्त सारखा बाहेर असतो. दोन्ही खरेच होते. आता इतक्या लहान गावात कोणालाच कळले नसेल असे मी म्हणणार नाही. माझा अंदाज आहे की काही वर्षांत बऱ्याच घरांना कळले आणि प्रत्येक घराने ते आपापल्या कडीआड ठेवले. मंगळवारी मात्र सगळे नेमाने येत आणि घसा फोडून ओरडत. आईचा आवाज सर्वांत वर असे. पिन ती दरवर्षी एकदा तरी वापरी, आणि मोराग घरी इंजेक्शनची तयारी ठेवी.

आल्फॉन्सने पुढे वीस उन्हाळे हा किनारा केला. तोवर सगळे बदलले होते. कुस्ती टीव्हीवर गेली, ताफे लहान झाले, सूट ढिला झाला, गुडघे आवाज करू लागले. ह्या साऱ्या काळात त्याच्या हातून समोरचा एकही पैलवान जायबंदी झाला नाही. आमच्या भागातल्या पैलवानांना विचारा, ते त्याचे नाव घेऊन टोपी काढतात. किताब त्याला कधी मिळाला नाही. किताब नायकांचे असतात.

पन्नाशीत त्याने थांबायचे ठरवले आणि शेवटची कुस्ती आमच्याच रिंकवर ठेवली. निरोपाची कुस्ती जाणाऱ्याने हरायची असते, पाठ टेकवून जायचे असते. नव्या मालकाच्या डोक्यात दुसरेच होते. तो माझ्यासमोर आल्फॉन्सला म्हणाला, “शेवटी माईक घे, खरं नाव सांग. आपल्यातलाच आहेस म्हण. लोक रडतील, खांद्यावर घेतील.”

“वीस वर्षं त्यांनी माझ्यासाठी घसा फोडला,” आल्फॉन्स म्हणाला. “आता त्यांना सांगू की उगाच फोडलात? नाही. मी आलो तसा जाणार.”

तो एका तरण्या पैलवानाशी हरला, आणि असा हरला की त्या संध्याकाळी तो तरणा मुलगा ताऱ्यासारखा दिसला. आल्फॉन्स उठला. रुमालाने कपाळ पुसले, वाकडे तोंड केले आणि बाहेर चालू लागला. तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. हळूहळू लोक उभे राहू लागले. आल्फॉन्सची पावले अडखळली. दोरांशी उभा राहून मी त्याचे तोंड पाहत होतो. तो बॅरिंग्टन राहण्याची शिकस्त करत होता आणि त्याला ते जमेनासे झाले होते. आणखी एक क्षण आणि वीस वर्षांचे काम सगळ्यांसमोर विरघळले असते.

पहिल्या रांगेत आई उठली. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत, डोक्यावर तीच हिरवी टोपी.

“टाळ्या कसल्या वाजवता, गाढवांनो?” ती ओरडली. “टोरांटोवाला आहे तो! घालवा त्याला!”

टाळ्या थांबल्या. मग अँगस, जो आता आजोबा झाला होता, उभा राहिला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, “घरी जा, टोरांटो!” आणि सगळे गाव त्याच्यामागे उसळले. लोक ओरडत होते आणि डोळे पुसत होते. ती बोंब खिडक्यांच्या काचा हलवत होती. आल्फॉन्सने मान वर केली, सूट सारखा केला, आणि राजाने दरबारातून जावे तसा तो त्या शिव्यांमधून चालत गेला. आईजवळून जाताना तो किंचित हळू झाला. तिने पिन काढली आणि टोचली.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा तो मागच्या दाराने गेला नाही. रिंकसमोर, सगळ्यांच्या देखत, माझ्या गाडीत आईशेजारी मागे बसला. लोक पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी बाजूला होऊन गाडीला वाट करून दिली.

अर्ध्या रस्त्यात आईने विचारले, “लागलं का रे?”

“लागलं, आई.”

“लागायलाच हवं होतं,” ती म्हणाली, आणि पिशवीतून ओटची बिस्किटे काढून तिने त्याच्या हातावर ठेवली.